चौथा कप

रविवारी सकाळी शाल्मली मला पुराव्यानिशी सांगते:
पाण्याच्या जुन्या टाकीत राहणाऱ्या त्या तीन मुंगसांना
आईबाप आहेत.
दिसत नाहीत, एवढंच.

एकोणिसाव्या भागात, बाबा, थांबव, इथेच थांबव,
फळीवर कप चार.
मुंगसं तीन.
आणि चौथ्या कपातून वाफ येतेय.

मी चष्मा पुसून बघतो. येतेय खरी.

तिच्या व्हॅनमध्ये यावरून तट पडलेत.
पर्व म्हणतो, मेले ते. पहिल्या भागाच्याही आधी,
टाकीत पाणी होतं तेव्हा.
हुसैना म्हणते, छे, कुवेतला आहेत,
सगळ्यांचे असतात.
व्हॅनवाले भिया गिअर टाकता टाकता सांगतात
की मोठी माणसं काढायला रंग जास्त लागतो,
वाचवला असेल कंपनीने.
सहावीतला एक मुलगा तर म्हणाला, तीन मुंगसं नाहीतच,
एकच आहे,
बाकीची दोन त्याने एकट्याने मनात केलेली.
त्या दिवशी कुणीच डबा नीट खाल्ला नाही.

शाल्मलीचं म्हणणं वेगळं.
गणिताच्या वहीच्या मागून तिने नोंदी सुरू केल्यात.
रात्री दिवा कोण मालवतं?
झिंपूची नखं कोण कापतं?
दाराची कडी इतक्या उंचावर कुणासाठी?
म्हणजे ते येतात, ती म्हणते,
दोन भागांच्या मधे.
जिथे शेवटची नावं वर सरकतात ना,
आणि आपण पाणी प्यायला उठतो,
तेव्हा.

मी पीथमपूरला गिअरबॉक्स जोडतो. दुसरी पाळी.
दीड वाजता फूटी कोठीच्या चौकातून बस सुटते,
अडीचला तिची व्हॅन सुदामा नगरात वळते.
गळ्यातल्या किल्लीने ती कुलूप उघडते,
खालच्या सोहनी काकूंना हाक मारून सांगते, आले.
वृंदा एमवायला हाडांच्या वॉर्डात, आठ ते आठ,
बदलीची सिस्टर आली तर.
मी परततो तोवर साडेबारा.
सकाळी दोघी चपला हातात घेऊन बाहेर पडतात,
मी जागा होऊ नये म्हणून.

तर मी बघतो ती मालिका अशी:
तिच्यात मुलगी दिसत नाही.
सोफ्यावर उशीला डोक्याएवढा खळगा.
एक मोजा. दुसरा फ्रीजवर, का ते कळत नाही.
बुटाला चिखल, महिना एप्रिलचा.
कंपासपेटीवर हुसैनाचं नाव खोडलेलं,
चार दिवसांनी पुन्हा लिहिलेलं, जास्त जाड.
मीही तट पाडतो, एकटाच,
बसमध्ये राऊ येईपर्यंत.
भांडण झालं असणार. मिटलं असणार.
चिखल मात्र अजून सुटलेला नाही.

तुझ्या मते, मी विचारतो, ते समोर का येत नाहीत?
ती माझ्याकडे बघते, जरा दया आल्यासारखी.
आले तर गोष्टच होणार नाही ना, बाबा.
आले की म्हणणार, अंघोळ करा.
मग पोह्यांवरची शेव तेवढी वेचून खाते
आणि पुढचा भाग लावते.

रात्री कामावरून आलो की मी चहा करतो, एकट्यापुरता,
गॅस बारीक ठेवून,
आणि कप विसळून, पुसून, होता तिथे ठेवतो.
इतकी वर्षं ठेवत आलो.
या सोमवारी नाही ठेवला.
ओट्याच्या कडेला, तिच्या उंचीला दिसेल असा,
तळाशी थोडा चहा राहू दिला.

मंगळवारी दुपारी, बसला वीस मिनिटं असताना,
गणिताची वही टेबलावर दिसली. आज तास नसावा.
मागचं पान. पेन्सिल.

कप एक. बशी नाही.
गरम नव्हता.
साखर दोन चमचे (चाखून पाहिली).