गव्हल्यांसारखं काहीतरी

आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, कुसकुस.
मला कुजबुज ऐकू आलं.
तेहेतीस वर्षांचा प्रेस शॉप अजून कानात आहे,
हडपसरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला.
मी रिटायर झालो, तो झाला नाही.

शशिकलाचा उजवा हात प्लास्टरमध्ये.
मनगट मोडलं सोसायटीच्या पायरीवर,
ते दाखवायला गेलो तर साखर सापडली.
दोनशे अडुसष्ट.
एका फेरीत दोन कामं झाली, ती म्हणाली,
रिक्षाचे पैसे वाचले.

तर आता सुरी माझ्याकडे.

पहाटे गाडीतळाजवळून आणलंय सगळं.
सासवडकडची काकडी, अंगावर अजून लव असलेली,
टोमॅटो, ढोबळी मिरची, दोन गाजरं,
आणि पुदिन्याची जुडी, जिच्यात निम्मं गवत.
— बघून नाही घेतली?
— घेतली की.
— मग गवत बघून घेतलंत.

एक वाटी कुसकुस, एक वाटी उकळतं पाणी,
मीठ चिमूटभर, तेल एक चमचा,
झाकण. सात मिनिटं.
हे मला जमतं. यात माप आहे, वेळ आहे.
मी ओट्यापाशी घड्याळाकडे बघत उभा,
ती खुर्चीवर, इन्स्पेक्टरसारखी.
— झाकण उचलू नका.
— उचलत नाहीये.
— हात दिसला मला.

तोवर काकडी. तुकडे पाच मिलिमीटर.
पट्टी लावली नाही, शपथ,
डोळ्यालाच सवय आहे.
ताटात रांगेनं मांडले
तर ती प्लास्टर हलेपर्यंत हसली.
अहो, काकडी काय डिस्पॅचला जायचीय?

झाकण काढलं. चष्म्यावर वाफ.
काट्यानं मोकळं करा, भात नाहीये तो, कालवू नका.
मी मोकळं करत होतो
आणि तिनं डाव्या हातानं चिमूट उचलली,
अंगठ्यानं तर्जनीवर फिरवली हळूहळू.
गव्हल्यांसारखं काहीतरी, म्हणाली.

मग सांगितलं ते एकेचाळीस वर्षांत मला माहीत नव्हतं.
आमच्या रुखवतात गव्हले होते.
तिनं, तिच्या मामीनं आणि शेजारच्या दोघींनी
चार दुपारी वळलेले,
रव्याचे, जिऱ्याएवढे,
पंख्याखाली नाही, पंख्यानं उडतात म्हणून.
काचेच्या बरणीत, वर लाल कागद.
मला रुखवतातला फक्त स्टीलचा पिंप आठवतो.
गेज चांगलं होतं त्याचं.
त्या गव्हल्यांची खीर कधी झालीच नाही,
नंतर करू, नंतर करू.
माळ्यावर टोक्यांनी खाल्ले.

ती अजून दाणे फिरवत होती,
डावी बोटं, बिनसवयीची.
मशीनचं आहे, म्हणाली. सगळे सारखे.

सगळे सारखे.
हे ऐकण्यासाठी मी आयुष्यभर शिफ्ट केल्या.
सगळे सारखे निघाले की शिक्का, सही,
साहेबांकडून चहा.
ही तक्रारही असू शकते
हे मला आज कळतंय, ओल्या हातांनी.

ढोबळी मिरची न मोजता चिरली.
बोटं दमली होती म्हणा.
गाजर तर कसंही झालं,
एक तुकडा जाड, एक कागदासारखा,
एक थेट ओट्याखाली.
गवत निवडलं. पुदिना हातानंच कुस्करला.
फोडणीच्या कढल्याकडे दोघांनीही बघितलं
आणि कुणी काही बोललो नाही.

तिला डाव्या हातात चमचा धरता येत नाही अजून.
भरवू का विचारलं, तर असं बघितलं
की मी डाळिंब सोलायला घेतलं.
पहिला घास टेबलावर,
दुसरा तोंडात.
ती चावत राहिली. सावकाश.
मी उभाच,
पहिला पीस तपासायला दिलेल्या अप्रेंटिससारखा.

— मीठ कमी.
— रिजेक्ट?
— रीवर्क.
अर्धं लिंबू पिळा अजून.
आणि बसा आता,
तुमचं ताट कुठंय?