वजाबाकी

येर्सनच्या बोटाला सुई टोचली.
तो रडला नाही, नुसता माझ्या टोपीकडे बघत राहिला.
यंत्र म्हणालं, अकरा पूर्णांक आठ.

इथे पावणेचार हजार मीटरवर हवा विरळ,
तिची भरपाई म्हणून रक्त दाट होतं,
तेव्हा आलेल्या आकड्यातून उंची वजा करायची.
तक्ता भिंतीवर आहे, एक कोपरा सुटलेला.
अकरा आठ वजा तीन एक.
आठ सात.
मी वहीत लिहिलं : रक्त कमी.

सातुर्निनाने बोटानेच ओळ चाचपली.
"अकरा होते की," ती म्हणाली,
"तीन तू काढून घेतलेस."

मग मी फेरस सल्फेटची बाटली दिली
आणि पाठ असलेलं सगळं क्वेचुआत म्हटलं :
थेंब मोजून. जिभेच्या मागे, नाहीतर दात काळे पडतात.
शी काळी होईल, भिऊ नकोस.
दुधात नको, चहात नको,
गुरुवारी खालून ट्रक येतो, त्यातल्या संत्र्याच्या रसात.
आणि बाटली उंच ठेव.
ती हसली. "वान्कावेलिकात
आम्ही खाली काय ठेवतो?"

महिन्याने बाटली रिकामी, अगदी वेळेवर.
आकडा तोच.

तिच्या घरी गेले. खिडकीत दुधाच्या डब्यात
जिरेनियम, पानांच्या कडा करपलेल्या,
डब्यातली माती काळपट, ओलसर.
अति तेथे माती म्हणतात;
इथे मातीलाच अति झालं होतं.
"पोरगं ओकायचं," ती म्हणाली.
"फेकलं नाही हं. सरकारी वस्तू फेकू नये."

मला रागावता आलं असतं.
पण मागच्या वर्षी, डोंगरापलीकडच्या वस्तीत,
तीन वर्षांच्या नाइदाने
धाकट्या भावाची बाटली एका दमात संपवली.
चेरीची चव होती.
"आवडीने घेतील पोरं," हे मीच सांगितलं होतं.
रुग्णालय पाच तासांवर,
घाटात दरड.
पहाटे ती बरी वाटली, खेळलीसुद्धा.
तेच तर फसवं असतं, हे मला माहीत होतं,
तिच्या आईला नव्हतं.

तिचा आकडा कुठल्याच वहीत नाही.

मी नवी बाटली उघडली, एक थेंब माझ्या जिभेवर टाकला.
जुन्या खिळ्याची चव.
सातुर्निनाने हात पुढे केला, तिनेही चाटला,
तोंड वेडंवाकडं केलं.
येर्सन आम्हा दोघींना बघून
पहिल्यांदाच खदखदून हसला.

"रोज अर्धं आधी, अर्धं नंतर," मी म्हटलं,
"पोटात काही असताना."
असं तक्त्यात नाही.

तिने स्टुलावर चढून
वाळत घातलेल्या मांसाच्या दोरीशेजारी,
आढ्याला, बाटली बांधली.
गाठ दोनदा ओढून पाहिली.

उतारावर माझे कान दडपले.
वहीतला आठ सात
तसाच ठेवलाय.
पुढच्या महिन्यात काय येईल
सांगता येत नाही.