दलदलीतली

मालिकेत तिला सहाव्या भागात मारलं.
लोखंडी आकडा, दोन मशाली, गावाचा जल्लोष,
आणि लगेच बटाट्याच्या वेफर्सची जाहिरात.

हेल्वेला ते पटलं नाही.
तार्तूच्या बेकरीत रात्रपाळी, राईचं पीठ कोपरापर्यंत,
भट्टी तापेस्तोवर चाळीस मिनिटं मोकळी.
तेवढ्यात ती फोनवर लिहिते, एका अंगठ्यानं,
दुसरा हात आंबवणात.

तिच्या गोष्टीत दलदलीतली जिवंत आहे.
जबडा कानापर्यंत उघडतो, आत दातांच्या तीन ओळी.
पहिल्या प्रकरणात ती घोडा खाते, खोगिरासकट.
दुसऱ्यात चर्चची घंटा; मग आठवडाभर
पोटातून दर तासाला टोले.
तिसऱ्यात धुकं, नांगरलेलं शेत, लग्नाचं अख्खं वऱ्हाड,
आणि तरी ढेकर नाही.

कारण तिला हवी आहे ती कंदीलवाली,
तिलाच मारायला नेमलेली.
कातडी हातमोजे, तुटकी भुवई,
गवत सारत रोज एक पाऊल जवळ.

आई म्हणायची, चांगली मुलगी दुसऱ्यांदा मागत नाही.
हेल्वेनं एकतीस वर्षं पहिल्यांदाही मागितलं नाही.
काय मागायचं ते कळलं तेव्हा
ही भूक की आजार, विचारायला कुणी नव्हतं.
म्हणून तिला दात दिले. शेपटी दिली. चिखलाचा वास दिला.
राक्षशिणीनं आ वासला तर कुणाला नवल वाटत नाही.

पण नवव्या प्रकरणात कंदीलवाली हातमोजा काढते
आणि इथंच घोडं पेंड खातं.
अकरा रात्री झाल्या.
गावं गिळणारी ती
एका उघड्या मनगटासमोर तोंड मिटून बसली आहे.
अन्नावरची वासना उडाली,
उरली ती नुसती वासना.
एवढ्या मोठ्या तोंडानं
इतकं लहान काही कसं घेतात,
हेल्वेला माहीत नाही.

साडेचारला केर्स्टी व्हॅन लावते.
क्रेट मोजते, करपलेली कड मोडते,
नेहमीसारखी उभ्यानंच खाते.
बाहेर उणे चौदा.
"तुझी ती," मान वर न करता म्हणते,
"मनगटापाशी थांबलीय. उपाशीच ठेवणार का?"

हेल्वेनं कुणाला सांगितलं नव्हतं.
टोपणनावसुद्धा आजोबांच्या बोटीचं.
बोटीचा फोटो मात्र तिच्या कपाटाच्या दारावर,
नाव नीट वाचता येईल असा.

भट्टीचा गजर वाजतो, वाजत राहतो.
त्याच्याही खाली, खोल, दुसरं काहीतरी टोले देतं.
केर्स्टी हातमोजा दातांनी ओढून काढते,
उरलेला तुकडा पुढे करते.
"घे. करपलाय,
पण गरम आहे."