वाट

पाऊण तासाला एकदा, सरासरीने.
म्हणजे कधी लागोपाठ दोनदा,
कधी सकाळची सगळी भांडी घासून,
वाळून, कपाटात गेली तरी नाही.
फोन टुणकन वाजतो, विचारतो :
आत्ता, या क्षणी, काय चाललंय?
एका शब्दात सांगायचं. खरं सांगायचं.

शितावरून भात, दुसरं काय.
फक्त शीत आपण निवडायचं नाही.

मी मराठीत लिहिते. झोप. काम. कणीक.
एकदा 'नखं'.
एकदा मिसेस गेडीस जिन्यात भेटल्या, तेव्हा 'हवा',
अ‍ॅबर्डीनच्या जिन्यात दुसरं बोलणार काय.
एकदा संडासात होते, तेही लिहिलं.

श्रीनंद समुद्रात असतो, तेलाच्या रिगवर,
तीन आठवडे तिकडे, तीन आठवडे इकडे.
हा उद्योग त्यानेच मागे लावून दिला :
दिवस कुठे जातो कळत नाही म्हणतेस ना, मग मोज.
तो घरी असताना वाजलं की हसतो,
'लिही, नवरा.'
लिहिलं. वर्षात दोनदा.
हिशेबाने दीड तास.

यंत्राला मागचं आठवत नाही, हे मला उशिरा कळलं.
आत्ताच वाजलं म्हणून पुढचं लांब नाही,
केव्हापासून वाजलं नाही म्हणून जवळही नाही.
किती वेळ थांबलीस, याचं ते काही देणं लागत नाही.
हेलिपोर्टवरची बाई अशीच बोलते :
धुकं आहे. सांगता येत नाही.
तासाभराने पुन्हा फोन केला तरी
धुकं आहे. सांगता येत नाही.

काल वर्ष भरलं. रंगीत चकती आली.
झोप एकतीस टक्के. काम चोवीस.
आणि 'वाट' नऊ.

बंदराच्या रस्त्याने चालत घरी यायचे, तेव्हा लिहायचे 'वाट'.
खिडकीशी उभी राहून त्याची पाहायचे, तेव्हाही 'वाट'.
चकतीने दोन्ही एकाच निळ्या फाकेत कालवल्या.
आता नवातली किती पायांखालची
अन् किती काचेपलीकडची,
मलाच निवडता येईना.

फोनवर श्रीनंद म्हणाला, सोप्पं आहे,
पुढच्या वर्षी दोन वेगळे शब्द घे.
घेईन. बघते.

हे लिहायला बसले त्याला तास होऊन गेला.
एकदाही वाजलेलं नाही.