शिंगाचा भुगा

दातांच्या डॉक्टरनं टाकून दिलेलं ड्रिल
आता माझ्याकडे असतं.
रेनडिअरच्या शिंगाला ते टेकलं की
जळक्या केसांचा वास सुटतो
आणि पांढरा भुगा बसतो
चहाच्या कपावर, प्रार्थनेच्या पुस्तकावर,
खिडकीतून दिसणाऱ्या हिमनगावरसुद्धा, असं वाटतं.

सात वर्षांची होते.
माझ्या खाटेखाली ते राहायचं:
सीलचं शेपूट, कुत्र्याचा जबडा,
हात मात्र माझ्या धाकट्या भावाचे,
गुबगुबीत, नखं कुरतडलेले.
मी त्याला सुक्या माशाचा तुकडा टाकायची.
सकाळी तुकडा नसे.
कुत्रं येतं गं आत, आई म्हणायची.
मी ऐकून घ्यायची, बस.

आजोबा सांगायचे दबक्या आवाजात,
कारण शेजारच्या घरात पाद्री जेवायला आलेला:
पूर्वी माणसं ओढ्याकाठी अंधारात बसत,
हाडं, कातडं, मेलेल्या पोराचा अंगरखा एकत्र बांधत,
त्या मुटकुळ्याला गाणं पाजत
आणि वैऱ्यावर सोडत.
वैरी सवाई निघाला तर
तुपिलाक माघारी फिरे
करणाऱ्याच्याच उंबऱ्याशी.

उन्हाळ्यात बोटी येतात. लाल जाकिटं उतरतात.
परवा एका बाईनं तळहातावर घेऊन विचारलं,
हे चांगलं की वाईट?
भुकेलं, मी म्हटलं.
ती हसली, पैसे मोजले, रुमालात गुंडाळून घेऊन गेली.
कुठकुठल्या देशांतल्या फडताळांवर
माझी लेकरं दात विचकत उभी असतील!
कुणावर सोडली मी ती?
माझं तर कुणाशी वाकडं नाही.

मग हिवाळ्यात, दुपारीच रात्र झाली की,
दाराशी काय खरवडतं?

काल एक करायला घेतलं.
शेपूट झालं, जबडा झाला.
हातांशी आले आणि ड्रिल बाजूला ठेवलं.
कानशीनं, मग नुसत्या सुरीनं
एकेक बोट सोडवलं शिंगातून.
नखं कुरतडलेलीच ठेवली.
भाऊ कोपनहेगनला असतो, नातवंडांत;
त्याला फोन करावा म्हटलं, केला नाही.
काय सांगणार, तुझे हात सापडले?

याला विकायचं नाही.
खाटेखाली ठेवलं, गुडघे कुरकुरले वाकताना.
शेजारी ताटलीत माशाचा तुकडा.
रविवारी चर्चमध्ये म्हणते तीच प्रार्थना म्हटली,
दुसरी येत नाही मला.

सकाळी ताटली रिकामी.
कुत्रं मरून पन्नास वर्षं झाली.
मी भुगा फुंकला कपावरचा,
चहा ठेवला.