रेषा, दोन वेळा

गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात
आणि त्या रविवारी मी सोळाही बंद केले.
पालिकेचा कनिष्ठ अभियंता, बांधकाम विभाग,
गळ्यात पास, खिशात टेप.
आठ दिवस आधीपासून गतिरोधक खरवडत होतो.
अकरा. त्यातले सात माझ्याच हातचे,
एकेकाच्या मागे एकेक अर्ज,
एकेक पडलेलं पोर.
रस्ता धुवायला टँकर मागितला
तर साहेब माझ्याकडे नुसतेच बघत राहिले.
मग झाडून घेतला. दोनदा.

गाड्या आल्या पुण्याहून, कोइमतूरहून,
ट्रेलरवर, ताडपत्रीखाली,
नवरीसारख्या झाकून.
"याचे गुण कुठंच धरत नाहीत,"
आयोजकांचा पोरगा सांगत होता,
"मालिकेत नाही ही. नुसतं पळायचं."

नुसतं पळायचं.
वर वसतिगृहांच्या गच्च्यांवर
क्लास बुडवून आलेली पोरं दाटलेली,
अर्ध्या गुणासाठी रात्र जाळणारी.
एकजण वहीत वळणाची त्रिज्या काढत होता.
त्याला खालून ओरडून सांगावंसं वाटलं,
की बाबा, हे परीक्षेला नाही.

गांधी चौकातून सुटायचं,
हनुमान चौकाला मोडायचं,
गोलाईला वेढा घालून परत. वीस फेऱ्या.
वळणावर वाळूची पोती कमी पडली
तेव्हा भुतडा अडत्याने मिरचीची दिली.
तिसऱ्या फेरीत पिवळी गाडी त्यात घुसली
आणि आख्खी गोलाई शिंकली,
फौजदारासकट.

सोळा नंबर आपला होता.
मन्नान बागवान, औसा रोडचं गॅरेज,
जुन्या एस्टीमचा सांगाडा, दार एका रंगाचं, बॉनेट दुसऱ्या.
मदतीला भाची शाहीन,
हातात बारा-तेराचा पाना, ओढणी कमरेला.
चौदाव्या फेरीत क्लचची वायर तुटली.
"मामू, निकल आव," ती ओरडली.
त्याने हात हलवला. नक्को.
आणि दुसऱ्या गिअरमध्येच पुढं गेला,
कण्हत, गरम तेलाचा वास सोडत.

जिंकला कोइमतूरचा.
हार झाले, कप झाला,
नगरसेवकांचे फोटो झाले.
चौकटीचा झेंडा कुणीतरी घडी घालून नेला.
लोक दोरीखालून रस्त्यावर उतरले,
एक केळीवाला गाडा घेऊन थेट शर्यतीच्या रेषेवर उभा,
आणि माझी फक्कीची रेषा
हजार चपलांनी घरोघर नेली.

तेव्हा गोलाईच्या पलीकडून तो आवाज.
"अजून एक येलालाय!"
गच्चीवरनं पोरं ओरडली, "सरका, सरका!"

मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी फक्कीचं घमेलं उचललं,
केळीवाल्याला बाजूला केलं
आणि वाकून, मुठीमुठीने,
दोरी न लावता, टेप न लावता,
या फुटपाथपासून त्या फुटपाथपर्यंत
ओढत गेलो.
वाकडी आली. नोकरीत पहिल्यांदा.
शेवटची मूठ पडते न पडते
तोच सोळा नंबर तिच्यावरून गेला,
चालत्या माणसापेक्षा थोडासाच जोरात,
आणि पुढं दहा हातांवर बंद पडला.
मन्नान उतरला. मागे वळून
आधी रेषा बघितली, मग मला,
माझे कोपरापर्यंत पांढरे हात.
"हौ," म्हणाला.
एवढंच.

सोमवारपासून गतिरोधक परत घातले.
अकराच्या अकरा.
मोजमाप पुस्तकात सगळं लिहिलं,
डांबर, मजूर, फक्की,
अंतिम रेषा, नग दोन.

काल लेखापरीक्षणाचा शेरा आला:
शर्यत एक. रेषा दोन कशा?
खुलासा करावा.

सात दिवसांची मुदत आहे.
कागद पुढ्यात घेऊन बसलोय.