चौदा सेकंद

व्हिडिओ चौदा सेकंदांचा.
रात्रीचे सव्वाबारा, अशोक चौकामागची गल्ली,
पत्र्याच्या शेडमधून खटाखट खटाखट,
आणि दारात अंबादास येमूल, बनियनवर,
माझ्याकडं बघून हसताना.
खाली मी लिहिलं: ह्यांना माणसांची किंमत नाही.

पहाटे पाचला, पाचव्या दिवसाचं पाणी आलं तेव्हा,
बघितलं तर वाक्य माझं राहिलं नव्हतं.
कुठले कुठले लोक
येमूलच्या आईपर्यंत पोचले होते,
त्याच्या तेलुगूपर्यंत, त्याच्या सुटलेल्या पोटापर्यंत.
खरं सांगतो, हंडे भरता भरता
मी आकडा बघत होतो.
वाढत होता. बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी त्यानंच हाक मारली.
तीन माग बंद, एक चालू,
त्याच्या भुवयांवर सुताची धूळ.
म्हणाला, "मास्तर, आधी तुमची बाजू मी सांगतो.
चुकलो तर थांबवा."

आणि सांगितली.
मुलीची बारावी. बायकोची अर्धशिशी.
भिंतीला भिंत, म्हणून कपाटातल्या बश्या वाजतात;
हे तर मी लिहिलंही नव्हतं.
"दहाला बंद करतो म्हणालो दोनदा, नाही केला. बरोबर?"
बरोबर.

"आता माझी तुम्ही सांगा."

मी म्हणालो, तुमची ऑर्डर... म्हणजे दिवसा लाईट...
बावीस वर्षं भिंतीपलीकडं राहून
मला त्याच्या कामगाराचं नावही आलं नाही.
मग चादरीच्या उलट्या बाजूचं काहीतरी छान बोलायला गेलो,
तर म्हणाला, "मास्तर, टॉवेल आहेत हे."
तुटलेला धागा गाठला.
"वेळ घ्या."

हसत का होतात, तेही विचारलं.
त्याला वाटलं होतं, मी फोटो काढतोय.

भांडण मिटलेलं नाही.
मला दहा हवेत, तो साडेअकरा म्हणतो,
कॉर्पोरेशनात दोघांचेही अर्ज पडून आहेत.
व्हिडिओ मी काढून टाकला. तो गेला नाही.
काल लातूरच्या मेव्हण्यानं मलाच पाठवला:
बघा, तुमच्या सोलापुरात काय एकेक माणसं असतात!

उत्तराला बसलोय.
आधी येमूलची बाजू.
पहिली ओळ चौथ्यांदा खोडली.
कपाटात बश्या वाजतायत.